सांगलीच्या पार्किंगमधली इटालियन एसटी

पत्र:

दादा, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी युनिट आहे, वय त्रेचाळीस. आधी आरएक्स १००, मग बुलेट, मध्ये दहा वर्षं नुसती चारचाकी. आता सांगलीत डुकाटी एसटी-४एस ही इटालियन बाइक विकायला निघालीय. २००३ चं मॉडेल. मालकांनी आखातातून येताना आणली, २००४ ला पुण्यात पासिंग केली आणि २०१८ मध्ये सांगलीला राहायला आल्यापासून ती अपार्टमेंटच्या तळमजल्यावर कव्हर घालून उभी आहे. मीटरवर फक्त १४ हजार किलोमीटर! मालक वारले, त्यांचा पुतण्या विकतोय. साडेचार लाख म्हणतो. आरसीची मुदत कधीच संपलीय, पण ‘ते होऊन जातं’ म्हणतो. नवी बॅटरी लावून त्याने व्हिडिओ पाठवला, एका सेल्फमध्ये चालू झाली. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा येतो. बायको म्हणते, एसटीच पाहिजे तर स्टँडवर लागलेली असतेच की! घ्यावी का? घेतली तर कोल्हापुरात बघणार कोण? आणि ते डेस्मो डेस्मो म्हणतात ते नेमकं काय?
— एक नादखुळा, राजारामपुरी

उत्तर:

राजारामपुरीकर, हे वाचून झालं की आधी त्या पुतण्याला फोन लावा आणि सांगा, "भावा, परत सेल्फ मारू नकोस." घ्यायची की नाही ते सावकाश ठरवू. ज्या व्हिडिओने तुम्हाला गुदगुल्या झाल्या, त्याच्या नुसत्या वर्णनाने माझ्या पोटात गोळा आलाय.

तुम्ही १४ हजारांपुढे उद्गारचिन्ह टाकलंय. मी तिथे प्रश्नचिन्ह टाकतो. सेकंडहँड गाडी बघताना आपली नजर आधी मीटरवर जाते आणि स्प्लेंडर, ॲक्टिवाला ते चालून जातं. या गाडीत किलोमीटर कमी पण वर्षं जास्त, हा सगळ्यात वाईट हिशेब. हिच्या इंजिनात दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला एकेक दातेरी रबरी बेल्ट. पिस्टन फिरवतात त्या क्रँकची फिरकी कॅमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, नेण्याचं काम त्या बेल्टचं. बदलायची मुदत २० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, यातलं जे आधी होईल ते. आपल्याकडे लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा गिळतात. गाडी उभी असली म्हणून रबराचं वय थांबत नाही. उलट एवढी वर्षं बेल्ट पुलीभोवती एकाच जागी वाकून बसला की त्या जागी तो आखडतो. हा बेल्ट तुटला किंवा पुलीवर दोन दात सरकला तर पिस्टन वर येतो त्याच वेळी व्हॉल्व्ह खाली असतो. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला टिकल्या पडतात आणि साडेचार लाखांची गाडी पाच सेकंदांत शोभेची होते. पुतण्याचा तो एक सेल्फ निभावला, हे काकांचं पुण्य समजा.

आता डेस्मो. तुमच्या युनिटमधल्या कुणालाही समजेल असं सांगतो. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह दाबून उघडतो आणि स्प्रिंग तो परत बंद करते. स्प्रिंगवाल्या दारासारखं, ढकललं की उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं. पण दार मिनिटाला हजारो वेळा उघडायचं झालं तर स्प्रिंग मागे पडते, दार पुरतं मिटायच्या आत पुढचा धक्का येतो. डेस्मोमध्ये स्प्रिंगचा भरवसाच ठेवलेला नाही. उघडायला एक रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी छोटी दांडी, बंद करायला दुसरा, दोन्हींना वेगळे कॅम. दाराला दोन माणसं, एक ढकलणारा, एक ओढणारा. ही कल्पना डुकाटीची नव्हे. मर्सिडीजच्या १९५४-५५ च्या रेसिंग कारमध्येही ती होती. पण फाबिओ ताल्योनी या इंजिनिअरने १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसी रेसरवर ती बसवली, १९६८ पासून विक्रीच्या गाड्यांत आणली आणि बोलोन्याच्या त्या कारखान्याने मग ती घराण्याच्या कुलदैवतासारखी जपली. आता स्प्रिंगचं पोलाद इतकं सुधारलंय की गरज फारशी उरलेली नाही, पण कुलदैवत गरजेपुरतं नसतं.

ग्राहकाला ते कुठे लागतं ते ऐका. प्रत्येक व्हॉल्व्हला एकाऐवजी दोन फटी मोजाव्या लागतात, उघडणाऱ्या बाजूची आणि बंद करणाऱ्या बाजूची. एसटी-४एसला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण आठ, म्हणजे सोळा फटी. उघडणाऱ्या बाजूला मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा, बंद करणाऱ्या बाजूला जवळपास शून्य. दर १० हजार किलोमीटरला हे तपासायचं आणि चुकलं असेल तिथे शिम, म्हणजे फट नेमकी करणारी मोजून केलेली चकती, बदलायची. याच घरातली थोरली बहीण एसटी-२, तिला सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह, म्हणजे निम्मं काम. मला निवड दिली असती तर कोल्हापुरासाठी मी एसटी-२ घेतली असती, ताकद कमी असूनही. पण आपल्याला कुणी निवड देत नाही. या गाड्या १९९७ ते २००७ एवढ्याच काळात बनल्या आणि डुकाटीने भारतात रीतसर दुकान मांडलं ते २००८ मध्ये, मालिका बंद झाल्यावर. त्यामुळे इथे दिसणारी प्रत्येक एसटी कुणीतरी स्वतः आणलेली. जी मिळते ती बघायची.

तुमची एसटी-४एस या कुटुंबातली सगळ्यात तापट. २००१ मध्ये आली, ९९६ सीसी, एकशे सतराच्या आसपास हॉर्सपॉवर. इंजिन डुकाटीच्या सुपरबाइकच्या वंशातलं, पण पुढच्या सिलिंडरचं हेड चाकाला अडू नये म्हणून एक्झॉस्टचा कॅम खाली आणून ते आखूड केलेलं. मागे ओलिन्स कंपनीचा सोनेरी शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेम्बोचे ब्रेक, २१ लिटरची टाकी आणि दोघांना खरोखर बसता येईल अशी सीट. कागदावर बघितलं तर पन्हाळा-गगनबावड्यासाठीच बनवल्यासारखी. हेच इंजिन पुढे मॉन्स्टर एस४आरला लावलं, ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. बेल्ट, फिल्टर, क्लच प्लेटा, गॅस्केट आजही मागवता येतात. मिळत नाही ते फेअरिंगचं, म्हणजे अंगावरच्या कवचाचं, प्लास्टिक, हेडलाइट, काच आणि ते स्क्रूने बसवायचे बारके कान. म्हणून सांगलीला गेल्यावर इंजिनाच्या आधी फेअरिंग बघा. प्रत्येक स्क्रूच्या भोवती बोट फिरवा. एखादा कान तुटलेला असेल तर आपले फायबरवाले तो जोडतील. चारपाच तुटलेले असतील तर गाडी आधी कुठेतरी आडवी झालीय आणि ते कुणीतरी लपवतंय.

खिळे हलवल्यासारख्या त्या आवाजाचं मात्र टेन्शन घेऊ नका. हिचा क्लच कोरडा, तेलात बुडलेला नाही. प्लेटा बास्केटमध्ये मोकळ्या वाजतात. बेल्ट बदलून गाडी चालू केल्यावर क्लच दाबला की खडखडाट वाढतो, सोडला की कमी होतो, असं असेल तर ती तिची बोली आहे. याच्या उलट होत असेल, किंवा क्लचचा काही संबंध नसताना वरच्या हेडमधून टकटक येत असेल, तर मला परत लिहा.

हेडमधून म्हणालो ते उगाच नाही. त्या काळातल्या चार व्हॉल्व्हच्या डुकाटींत रॉकरच्या तोंडावरचा क्रोमचा थर सोलवटायचा. सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा. थर निघाला की रॉकर कॅमला खायला लागतो आणि ते चूर्ण तेलात हिंडतं. तपासायची स्वस्त पद्धत म्हणजे तेल सोडायचं, ड्रेन बोल्ट आणि तेलाची जाळी काढून पांढऱ्या कापडावर पुसायची. काळा राखाडी लगदा चालेल. नखाने उचलता येतील असे चमकते पापुद्रे दिसले तर चहा पिऊन परत या. खात्रीची पद्धत व्हॉल्व्ह कव्हर उघडून रॉकर आरशात बघणं. मालकाची परवानगी मिळाली तर तेच करा.

आता तुम्ही पत्रात न लिहिलेली गोष्ट. सांगली, तळमजला, २०१८ पासून उभी. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती गाडी कुठे होती? आणि २०२१ च्या जुलैत? कृष्णेचं पाणी त्या अपार्टमेंटपर्यंत आलं होतं का, हे पुतण्याला विचारू नका. वॉचमनला विचारा, समोरच्या किराणावाल्याला विचारा. भिंतीवर पाण्याची रेघ अजून असते, नवा रंग दिला तरी मीटरच्या पेट्यांमागे ती सापडते. गाडीवर शोधायचं तर धुता न येणाऱ्या जागा बघा. हेडलाइटच्या आत तळाशी बारीक गाळाची चंद्रकोर, सीटखाली फ्यूजच्या पेटीच्या कोपऱ्यात माती, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट पावडर, फ्रेमच्या नळीच्या उघड्या टोकात वाळलेला चिखल. यातलं एक जरी दिसलं तर फुकटसुद्धा घेऊ नका. पुरात बुडालेली साधी गाडी आपण सोडवून घेतो. हिच्यात संगणक आहे, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर आहे आणि २००३ चं मॉडेल असल्याने कदाचित एबीएसही.

इमोबिलायझरवरून आठवलं. या गाडीबरोबर काळ्या किल्ल्या, एक लाल किल्ली आणि एक कोड कार्ड येतं. रोज वापरायची ती काळी. लाल ही मूळ, तिच्यावरून बाकीच्यांची ओळख ठरते. काळी हरवली तर मार्ग निघतो, लाल आणि कार्ड दोन्ही गेले तर सोप्याचं अवघड होतं. पुतण्याला म्हणावं, काकांचं कपाट नीट शोध. पासपोर्ट, एलआयसीच्या पॉलिसी ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतील त्याच पिशवीत असेल. आखातातून आलेली माणसं असे कागद जपून ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच पिशवीत कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात केल्याचा कागद, सापडायला हवी. तिच्यावरचा, आरसीवरचा आणि गाडीच्या मानेवर ठोकलेला, असे तिन्ही चेसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. डुकाटीचा नंबर झेडडीएम या अक्षरांनी सुरू होतो. आरसी करताना कारकुनाने शून्याचा ओ केला असेल तर ते आत्ता निस्तरा, तुमच्या नावावर झाल्यावर नाही.

कागदांचं ‘ते होऊन जातं’ हे वाक्य ऐकलं की मी खिशावर हात ठेवतो. २००४ ची नोंदणी, म्हणजे पंधरा वर्षं २०१९ लाच भरली. मालक हयात नाहीत आणि विकणारा पुतण्या. तो वारस आहे का? काकी आहेत का, मुलं आहेत का? आधी वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे, त्याला फॉर्म ३१. मग नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५, त्यासाठी गाडी आरटीओत उभी करून तपासून घ्यावी लागते. वर पर्यावरण कर आणि उशीर केल्याचं शुल्क. मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या आयात दुचाकीची नूतनीकरण फी वीस हजार रुपये केलीय, देशी दुचाकीला ती दोन हजार. हे सगळं पुतण्याने, त्याच्या खर्चाने, आधी करायचं. तुम्ही फार तर इसार द्या आणि साध्या कागदावर का होईना, वारसांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. मुदत संपलेल्या आरसीवर टेस्ट राइडला निघालात आणि कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करेल.

म्हणजे सेल्फ मारायचा नाही, चालवून बघायचं नाही. मग बघायचं काय? पुष्कळ आहे. हिला मधला स्टँड आहे, हा मोठा फायदा. स्टँडवर घ्या, दोन्ही प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, सहावा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. एका लयीत जड-हलकं व्हायला हवं. कुठे ठाम अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा. बेल्टची कव्हरं काढा. बेल्टवर तेलाचे डाग असतील तर कॅमचे सील गेलेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१२ म्हणजे २०१२ चा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी तसले टायर भावात शून्य धरा. बरं हे की माप पुढे १२०/७०-१७ आणि मागे १८०/५५-१७, आजच्या मोठ्या गाड्यांचंच, सहज मिळतं. टाकीत टॉर्च मारून तळाचा तांबूस गाळ बघा. जुनं पेट्रोल सगळं काढायचंच आहे. आतले पेट्रोलमध्ये बुडालेले रबरी पाइप आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला फार दिवस पुरत नाहीत. बदलताना बाहेरून वापरायचा साधा फ्यूल पाइप आत टाकू नका, तो बाहेरून सडतो आणि तुकडे पंपात जातात. आत बुडून राहायला वेगळ्या जातीचा पाइप येतो.

क्लच कोरडा असला तरी लिव्हरचा दाब त्याच्यापर्यंत नेणारं तेल (फ्लुइड) असतं, ते बघा, हे मी ठळक अक्षरात छापायला सांगितलं असतं. माझ्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच घराण्यातली एक जुनी, दोन सिलिंडरची इटालियन गाडी होती. विकणारा म्हणाला, फ्लुइड नवीन टाकलंय. मी मान डोलावली. दोन महिन्यांनी रत्नागिरीहून येताना साखरप्याला चहा घेतला, निघताना क्लच दाबला आणि लिव्हर लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत गेली. परत आली नाही. खाली वाकून बघतो तर इंजिनाच्या डाव्या बाजूला, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरखाली रंगाची सालं लोंबताहेत. ब्रेक-क्लचचं ते तेल रंग खातं, म्हणजे गळती जुनी होती, मलाच दिसली नव्हती. समोर आंबा घाट. चहावाल्याच्या दोन पोरांनी ढकललं, गाडी घरंगळत असताना पहिला गिअर ठोकला आणि घाटभर क्लचशिवाय, आवाजावर गिअर टाकत वर आलो. मलकापूरच्या बाजारात एक म्हैस आडवी आली तेव्हा गाडी बंद पडली ती टेम्पोतूनच कोल्हापूरला पोचली. आतला सील एवढासा, किंमत मिसळीच्या चार प्लेटांची. तुमच्या एसटीलाही क्लच हायड्रॉलिकच आहे. स्लेव्ह सिलिंडरखाली बोट फिरवा, ओलसर आणि तेलकट लागलं तर समजा.

कोल्हापुरात बघणार कोण, हा तुमचा प्रश्न. याचं उत्तर तुम्हीच आहात, आणि म्हणूनच मी सरळ ‘नको’ म्हणत नाही. पत्र एखाद्या बँकेतल्या माणसाचं असतं तर दोन ओळींत विषय संपवला असता. तुम्ही रोज मायक्रोमीटर हातात धरता. शंभरावा हिस्सा मिलिमीटर तुमच्यासाठी रोजचं काम. बंद करणारी शिम जाड लागली तर मागवायची, बारीक लागली तर सपाट प्लेटवर घासून आणायची, हे उद्यमनगरच्या वर्कशॉपांत वाढलेल्या माणसाला शिकवायला नको. एकच सूचना. शिम जागेवर धरणाऱ्या दोन अर्ध्या कड्या असतात, केसासारख्या. त्या काढण्याआधी पिस्टन वर आहे ना, बघा. डेस्मोला व्हॉल्व्ह धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. पिस्टन खाली असताना कड्या काढल्या तर व्हॉल्व्ह सुळ्ळकन सिलिंडरमध्ये पडतो आणि हेड उतरवल्याशिवाय हाती लागत नाही. हे ज्यांनी केलंय ते सांगत नाहीत. मी सांगतोय.

सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा, गाडी नंतर. बेल्टचा ताण अंदाजाने लावायचा नसतो. सैल ठेवला तर दात सरकतो, आवळला तर बेअरिंग जातात. पहिल्या वेळी पुण्याहून या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक बोलवा, त्याची दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं द्या, शेजारी उभे राहून बघा. दुसऱ्या वेळेला तुमची तुम्ही कराल. स्टार्टरच्या आणि अर्थिंगच्या जाड तांब्याच्या केबल मात्र उद्यमनगरातूनच करून घ्या. मूळच्या जरा हातआखडत्या आहेत, त्यामुळे बॅटरी चांगली असूनही सेल्फ कण्हतो. चार्जिंगचा रेग्युलेटर आणि त्याचा कनेक्टर हीसुद्धा दुखरी नस. बेल्ट बदलून गाडी सुरू झाली की तीन-चार हजार आरपीएमला बॅटरीवर मल्टिमीटर लावा, चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. कनेक्टर तपकिरी पडला असेल तर कापून नवा लावा.

भावाचं बोलू. साडेचार लाख हा चालू, कागद पूर्ण, फाइल जाडजूड अशा गाडीचा भाव झाला. तुमची गाडी तशी नाही. बेल्ट, टायर, सगळी तेलं, सगळे रबरी पाइप, ब्रेकचे सील, चेन, बॅटरी, व्हॉल्व्हची तपासणी आणि एक-दोन न सांगता येणाऱ्या गोष्टी, यासाठी पहिल्या वर्षाला दीड लाख बाजूला काढा. ते भावातून वजा करा. पुतण्या हसेल. हसू दे. रॉकर चांगले निघाले, पूर लागलेला नसेल, लाल किल्ली मिळाली आणि कागद त्याने करून दिले, तर तीनपर्यंत घ्या. यातलं पहिलं किंवा दुसरं चुकलं तर भावच करू नका.

तुम्ही विचारलं नाहीत तरी दुसरी एखादी इटालियन बघायची झाली तर मोटो गुझीची नॉर्ज ही जास्त शहाणी. हवेवर थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट, व्हॉल्व्ह साधे स्प्रिंगचे आणि दोन्ही हेड बाहेर आलेले, स्टुलावर बसून काम करता येतं. नाव पडलं ते १९२८ मध्ये जुझेप्पे गुझी मोटारसायकलवर आर्क्टिक वर्तुळापर्यंत गेला त्या गाडीवरून. पण इकडे शोधून सापडणं कठीण, आणि तुमचा जीव सांगलीत अडकलाय हे मला कळतंय.

घेतलीत तर गावात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. बिंदू चौकात साडेसहाच्या गर्दीत पंखा सुरू होईल, मांड्या भाजतील, हँडल वळता वळणार नाही. ही गाडी पहाटे पाचला गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन गगनबावड्याच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाची. ऊस हंगामात मात्र रात्री नको. टेल लाइट नसलेली ट्रॉली आणि चाकांतून सांडलेली चिकट माती, या दोन्हींपुढे ओलिन्सही काही करू शकत नाही. आणि पावसाळ्यात उभी करायची झाली तर टाकी इथेनॉलच्या पेट्रोलने अर्धी ठेवू नका, ते हवेतली ओल ओढतं. पंधरा दिवसांतून एकदा तरी बाहेर काढा, रंकाळ्याला फेरी मारून आणा. नाहीतर सात वर्षांनी तुमचा पुतण्या कुणाला तरी व्हिडिओ पाठवेल.

वहिनींचा विनोद मला फार आवडला. त्यांना सांगलीला बरोबर घेऊन जा. टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, मल्टिमीटर, ॲलन कीचा सेट, पांढरं कापड आणि वहिनी. गाडी मधल्या स्टँडवर असतानाच त्यांना मागे बसवा, दहा मिनिटं बसू दे, पाय कुठे टेकतात ते बघा. तुम्ही खाली वाकून बेल्ट बघत असताना वॉचमनशी पुराबद्दल बोलायचं काम त्यांच्याकडे द्या. बायका विचारतात तेव्हा वॉचमन खरं सांगतो.